मियामोतोंची धार बोथट झाली आहे का?

तिरपा_पिक्सेल:
निन्टेन्डोचे गेम-डिझायनर शिगेरू मियामोतोंबद्दल प्रश्न आहे. 'डाँकी काँग' (१९८१), 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५), 'झेल्डा' (१९८६), 'सुपर मारिओ ६४' (१९९६) ही यादी इथे कुणाला नव्याने सांगायला नको. पण २००८ चा 'वी म्युझिक' आणि २०१६ चे 'स्टार फॉक्स झीरो' व 'सुपर मारिओ रन' बघितले की शंका येते. 'प्रोजेक्ट जायंट रोबो' तर २०१४ च्या ई३ या गेम-प्रदर्शनात दाखवला आणि बाजारात आलाच नाही. जन्म १९५२ चा, पण "वय झालं" हे उत्तर मला पटत नाही. "पूर्वीची मजा राहिली नाही" असं मोघमही नको. कुठे काय बिघडलं ते बोट ठेवून सांगा.

अर्धाफ्रेम:
धार म्हणजे काय ते आधी ठरवू. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधली उडी घ्या. उभ्या जागेवरून उडताना मारिओचा वर जाण्याचा वेग फ्रेममागे (पडद्यावरच्या एका चित्रामागे) ४ पिक्सेल असतो. ए बटण दाबून ठेवलं तर गुरुत्व दर फ्रेमला त्यातून १/८ पिक्सेल काढून घेतं. बोट उचललं की तीच ओढ साडेतीनपट होते. हिशेब करा: पूर्ण उडी ६४ पिक्सेल, आणि वीट १६ पिक्सेलची, म्हणजे ४ विटा. धावत उडी मारली तर सुरुवात ५ पिक्सेलने, ओढ जराशी जास्त, उंची ८० पिक्सेल. ५ विटा! कोड तोशिहिको नाकागो आणि मंडळींचा, पण बोट किती वेळ दाबलं आणि पडद्यावर काय झालं यातलं नातं पहिल्या मिनिटात अंगात भिनतं, हे त्या डिझाइनचं यश. सगळा खेळ ४० केबीत. ढग आणि झुडपं एकाच चित्राची, फक्त रंग बदललेले.

'स्टार फॉक्स झीरो'त नेमकं हेच नातं तुटलं. टीव्हीवर विमान मागून दिसतं, हातातल्या गेमपॅडवर (पडदा असलेल्या कंट्रोलरवर) कॉकपिटमधून, आणि नेम गेमपॅड हलवून धरायचा. टीव्हीचा कॅमेरा विमानाच्या मागे, बंदूक पुढे. त्यामुळे टीव्हीवर नेमाची खूण शत्रूवर बसलेली दिसते आणि गोळी बाजूने जाते. शत्रू जितका जवळ तितका फरक मोठा. खरा नेम खालच्या पडद्यावर. नजर खाली नेली की समोरचा खांब दिसत नाही. त्यातच जायरो (गेमपॅडचं हलणं ओळखणारा सेन्सर) हळूहळू सरकत जातो, की मध्यबिंदू परत लावत बसा.

गंमत अशी की १९९७ च्या 'स्टार फॉक्स ६४'मध्ये हा प्रश्न सुटलेला होता. एकामागे एक दोन हिरवे चौकोन; ते एकात एक बसले की गोळी कुठे जाणार ते कळतं. एक पडदा, एक काठी, संपलं.

अजून कुणाला 'झीरो' खेळायचाच असेल तर सेटिंगमध्ये 'झेडआर (गोळीबाराचं बटण) दाबल्यावरच जायरो' हा पर्याय निवडा. गोळीबार सुरू करण्याआधी गेमपॅड सरळ धरायची सवय लावली की निम्मा त्रास कमी होतो. दोघांनी खेळायची सोयही आहे, एकाने विमान उडवायचं, दुसऱ्याने नेम धरायचा. तसा खेळला की गेम एकदम सुसह्य होतो. म्हणजे दोन माणसांचं काम एकाच्या डोक्यावर टाकलं होतं.

श्रेयनामावली:
वरचं तांत्रिक विवेचन मान्य. पण प्रश्नातली यादीच सरमिसळ आहे. 'मारिओ ६४' चे मियामोतो दिग्दर्शक होते. त्यानंतर त्यांचं नाव बहुतेक ठिकाणी निर्माता म्हणून येतं. २००१ च्या 'पिक्मिन'ची मूळ कल्पना त्यांची, पण दिग्दर्शक शिगेफुमी हिनो आणि मासामिची आबे. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) हिदेमारो फुजिबायाशींचा, 'मारिओ ओडिसी' केंता मोतोकुरांचा, 'मारिओ वंडर' (२०२३) शिरो मोउरींचा. २०१५ पासून निन्टेन्डोत त्यांचं पदच 'क्रिएटिव्ह फेलो' आहे. मधल्या काळात थीम पार्क झालं, मारिओचा सिनेमा झाला. रोज लेव्हल घासणाऱ्या माणसाची धार आणि सल्ला देणाऱ्याची धार एका सहाणेवर कशी तपासणार?

सल्ल्यानेही नुकसान होतं, हा मुद्दा मात्र कुणी काढला नाही. 'पेपर मारिओ: स्टिकर स्टार' (२०१२) या भूमिका-खेळाच्या (आरपीजी) वेळी कथेची फारशी गरज नाही, पात्रंही मारिओच्या जगातलीच घ्या, अशी त्यांची सूचना होती. १९८५ मध्ये हीच काटकसर कामाला आली, कारण तिथे उडी सगळा भार पेलत होती. भूमिका-खेळात भार पेलते कथा आणि पात्राची वाढ. 'स्टिकर स्टार'मध्ये गावभर एकसारखे टोड (मशरूमटोपीची पात्रं), लढाईत अनुभव-गुण नाहीत, आणि प्रत्येक वाराला एक स्टिकर खर्ची. मग खेळाडू हिशेब करतो: लढलो तर स्टिकर जाणार आणि वाढ काहीच नाही, तर पळालेलं बरं.

उलटलेलं_मेज:
पद बदललं ही पळवाट आहे. 'झीरो'त ते नुसते सल्लागार नव्हते, दोन पडद्यांचा हट्ट त्यांचाच. दुसऱ्यांचे प्रकल्प ऐन शेवटी उलथवण्याबद्दल त्यांची ख्याती आहे. निन्टेन्डोत त्याला 'चाबुदाई गाएशी', म्हणजे जेवणाचं बुटकं मेज उलटं करणं, असं नावच पडलंय. पण त्यांचं स्वतःचं मेज उलटवणार कोण? गेम नोव्हेंबर २०१५ वरून एप्रिल २०१६ वर ढकलला, तरी मूळ दोष होता तिथेच राहिला. माझ्या मते कल्पना आटलेल्या नाहीत, विरोध करणारं माणूस आटलंय.

'वी म्युझिक'चंही तसंच. रिमोट हलवून वाद्य वाजवायचं, पण तो कधीही हलवा, सूर जुळतोच. छोट्या खेळांत गुण आहेत, पण मुख्य जॅममध्ये (मिळून वाजवण्याच्या भागात) चुकायची सोयच नाही, आणि जिथे चुकता येत नाही तिथे हात बसणार कशाने?

तिरपा_पिक्सेल:
@श्रेयनामावली, सरमिसळ झाली खरी. मग 'मारिओ रन' कुठल्या खात्यात टाकायचा?

अर्धाफ्रेम:
मी तो जमेच्या बाजूला टाकीन. मारिओ आपोआप धावतो, हातात फक्त उडी. बोट जास्त वेळ टेकवलं तर उडी उंच. म्हणजे परत १९८५ चंच नातं. सतत धावण्यामुळे विचाराला उसंत मिळत नाही, म्हणून थांब्याच्या विटा: त्यांवर पाय पडला की मारिओ उभा राहतो आणि घड्याळही थांबतं. २४ लेव्हल कमी वाटतात, पण प्रत्येकीत गुलाबी नाणी ५, ती मिळाली की जांभळी ५ वेगळ्या जागी, मग काळी ५. काळ्या नाण्यांसाठी भिंतीवरून उलट उडी कुठल्या क्षणी मारायची हे शोधायला एकेक लेव्हल दहा-दहा वेळा खेळावी लागते. सतत इंटरनेट लागायचं आणि पहिल्या काही लेव्हलनंतर एकदम १० डॉलर, यावर लोक भडकले. तो राग विक्रीच्या पद्धतीवरचा. उडीबद्दल तक्रार करणारे फार थोडे सापडतील.

उलटलेलं_मेज:
उडीबद्दल नाही, मान्य. पण गुलाबी नाण्यांवरच थांबून गेम पुसून टाकणाऱ्याला काळी नाणी आहेत हे कळणारच कसं? पहिल्या 'मारिओ'त पहिला मशरूम (मारिओला मोठा करणारं बक्षीस) पाइपला आपटून तुमच्याच दिशेने परत येतो, शोधावा लागत नाही.