मदत हवी आहे: तबेल्यातली लीद उचलायला टिकाऊ ढकलगाडी

नमस्कार मंडळी. माथेरानला आमची 4 घोडी आहेत. एकेक घोडं दिवसाला 15 ते 20 किलो लीद टाकतं, वर मुताने भिजलेला भुसा वेगळा. गावात मोटारगाड्यांना बंदी, त्यामुळे उकिरड्यापर्यंतच्या सगळ्या खेपा हातानेच.

बांधकामावरची पत्र्याची एकचाकी गाडी घेतली होती. दोन पावसाळ्यांत तिच्या तळाची चाळण झाली. मूत पत्रा खातंच. सांध्याच्या बोल्टांपाशी पत्रा आधी फुगला, मग पापुद्रे सुटले. त्यात लाल मातीचा उतार! भरलेली गाडी कलली आणि आमच्या मोतद्दाराचं मनगट मुरगळलं. त्याला पुन्हा तीच गाडी ढकलायला लावणं मनाला पटत नाही.

आता जाड प्लॅस्टिकच्या टबाची दोनचाकी घ्यावी म्हणतोय. ती कलंडणार नाही, पण अडीच फुटी दारातून वळेल का? टब उन्हाने तडकतो का? जांभ्याच्या खडकाळ वाटेवर हवेचं चाक बरं की भरीव रबराचं? रोज तबेला साफ करणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा. पावसाच्या आत घ्यायची आहे.