अनुभव धागा: सकाळी पहिला सेल मारला की इंजिन खडखडतं

आमची गाडी पेट्रोलची, नऊ वर्षांची, ८२ हजार किलोमीटर झालेली. गेले दोन महिने रोज सकाळी एकच प्रकार चाललाय. सेल मारला की दोन-तीन सेकंद बॉनेटखालून डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट, मग चिडीचूप. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं, त्यामुळे तिथे गाडी अगदी गुणी बाळ. एका ठिकाणी आवाज न ऐकताच "ताई, इंजिन खोलावं लागेल, साहेबांना पाठवा" असं सांगितलं. साहेबांना डीपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) कुठे असते तेही माहीत नाही, तो भाग वेगळा.

तुमच्या गाडीला असं झालं असेल तर लिहा. आवाज कसा होता, किती वेळ टिकायचा आणि शेवटी काय निघालं? ऐकीव नको, स्वतःचं हवं.

सांगलीहून

माझी टायमिंग चेन होती, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या वेळेशी जुळवणारी इंजिनातली साखळी. मीही आधी दुर्लक्षच केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चेन ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहते आणि बाजूच्या प्लास्टिकच्या गाइडवर आपटते. तोच हा खडखडाट. नवीन टेन्शनरला एवढं चालून जातं. टेन्शनर थकला आणि चेन लांबली की आवाज वाढत जातो. माझा दोन सेकंदांचा आवाज सहा महिन्यांत पाच सेकंदांवर गेला. मग चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी००१६, म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाही.

उघडल्यावर गाइडला बोटभर खाच पडलेली, आणि त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत. चेन, टेन्शनर, गाइड सगळं एकदम बदललं. नुसता टेन्शनर बदलून पैसे वाचवू नका, मजुरी दुसऱ्यांदा तेवढीच पडते. चेनने दात सोडले असते तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून हेडच (इंजिनचा वरचा भाग) गेलं असतं. चूक माझीच: गाडी कमी फिरते म्हणून दोन वर्षं ऑइल बदललं नव्हतं.

ठाण्याहून

घाबरू नका, आधी फिल्टर बघा. माझा आवाज बाहेर सर्व्हिसिंग केल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. ऑइल फिल्टरच्या आत एक रबरी पडदा असतो, गाडी बंद असताना ऑइल मागे ओघळू नये म्हणून. मला बसवलेला फिल्टर स्वस्तातला, त्यातलं रबर कडक झालेलं. चांगला फिल्टर टाकला, दुसऱ्या सकाळी आवाज गायब.

निफाडजवळून

"जाड ऑइल घाला, आवाज बसतो" हा सल्ला मी ऐकला. पुस्तकात ५डब्ल्यू-३० (थंडीतही पातळ राहणारं ऑइल) लिहिलेलं असताना जाड २०डब्ल्यू-४० घातलं. आमच्याकडची जानेवारीतली पहाट तुम्हाला ठाऊकच आहे. ऑइल काकवीसारखं, वर चढायलाच वेळ लागायचा. आवाज दुप्पट झाला. पुस्तकातल्या ऑइलवर परत आलो, आता बरं आहे.

चिपळूणहून

आमच्याकडे दमट हवा आणि चार महिने पाऊस. मला चेनचं एस्टिमेट मिळालं होतं! पण माझा आवाज सुरू करताना आणि बंद करतानाही यायचा, जरा पत्र्यासारखा. घरीच गार सायलेन्सरला बुक्की मारून पाहिली तर तोच आवाज. उष्णता अडवणारा पत्रा गंजून बोल्टपाशी सुटला होता. मोठी होज क्लॅम्प आवळली, काम झालं. दोन वर्षं झाली, अजून टिकून आहे.

सावंतवाडीहून

आमच्या खडखडाटाचं कारण खार. ब्लोअरच्या पंख्यात दोन सुपाऱ्या. हसू नका, दोन मेकॅनिक हरले होते. एसीचा पंखा बंद ठेवून सेल मारला तेव्हा कळलं.

नागपूरहून

डिझेल, मॅन्युअल गिअर असेल तर एकदा क्लच दाबून आणि एकदा न दाबता (न्यूट्रल, हँडब्रेक) सुरू करून बघा. माझा आवाज क्लचबरोबर बदलायचा. इंजिन आणि क्लचमधलं दोन भागांचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, ढिलं झालं होतं, इंजिन ठणठणीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. परवा गाडी रात्रभर दुसऱ्या एका मिस्त्रींकडे ठेवली, "सकाळी मी आल्याशिवाय सुरू करू नका" असं बजावून. सकाळी त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर चेनच्या कव्हरला टेकवून मूठ कानाला लावली आणि मला सेल मारायला सांगितला. आवाज तिथूनच. पण आधी डीपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! लाज वाटली. ऑइल आणि फिल्टर बदलला. आज तिसरी सकाळ. खडखड तीन सेकंदांवरून जेमतेम एकावर आलीय, गेलेली नाही. स्कॅनरवर कोड नाही. मिस्त्री म्हणतात टेन्शनर जवळून बघायलाच हवा. शनिवारी कव्हर उघडणार आहेत, मी शेजारी स्टूल टाकून बसणार आहे. सांगलीकर, गाइडवरची खाच नक्की कुठल्या बाजूला होती?