ताळा जुळतो, तरी उत्तर चुकतं. प्रतिस्थापन पद्धतीबद्दल मदत हवी आहे

कोरीपाटी
एकसामयिक समीकरणं प्रतिस्थापनाने सोडवताना अडलंय. उदाहरण असं:

५क्ष − ३य = १ … (१)
३क्ष − २य = −१ … (२)

(२) वरून क्ष = (२य − १)/३. ही किंमत (१) मध्ये ठेवली:
५(२य − १)/३ − ३य = १
छेद घालवण्यासाठी ३ ने गुणलं:
१०य − ५ − ३य = १
७य = ६, म्हणून य = ६/७ आणि क्ष = ५/२१.

ताळा (२) मध्ये घेतला: ३ × ५/२१ − २ × ६/७ = ५/७ − १२/७ = −१. तंतोतंत जुळला. उत्तरसूचीत मात्र (५, ८) दिलंय. छपाईची चूक असेल का? आणि असल्या उदाहरणांत अपूर्णांक टाळता येतात का?

लसावि
उत्तरसूची बरोबर आहे. ३ ने गुणलंत ती ओळ पुन्हा बघा. छेद फक्त पहिल्या पदाला होता, म्हणून तेवढ्यालाच गुणलं गेलं. −३य आणि उजवीकडचा १ तसेच राहिले. गुणायचं ते समीकरणाच्या प्रत्येक पदाला:

१०य − ५ − ९य = ३
य = ८, क्ष = (१६ − १)/३ = ५

ही चूक फार जणांची होते, कारण ज्या पदाखाली छेद नाही तिकडे लक्षच जात नाही. उपाय साधा आहे. गुणण्याआधी एक ओळ जास्त लिहा: ३ × [सगळी डावी बाजू] = ३ × १. चौकटी कंस घातला की एकही पद सुटत नाही.

आता ताळ्याचं. तुमच्या प्रश्नातला खरा महत्त्वाचा भाग हाच आहे. क्ष तुम्ही (२) मधूनच काढलाय, तेव्हा य ची कोणतीही किंमत घेतली तरी ती जोडी (२) मध्ये बसणारच. य = १०० घेऊन बघा: क्ष = १९९/३, आणि १९९ − २०० = −१. म्हणजे हा ताळा पुढच्या आकडेमोडीबद्दल काहीच सांगत नाही. तुमची जोडी (१) मध्ये ठेवली असती तर २५/२१ − ५४/२१ = −२९/२१ आलं असतं आणि चूक तिथेच दिसली असती.

मग फक्त (१) मध्ये ताळा पुरेल का? नाही. समजा क्ष सुटा करतानाच चिन्ह चुकलं आणि क्ष = (−२य − १)/३ लिहिलं. पुढचं सगळं बरोबर केलं तर (१) जुळेल आणि (२) जुळणार नाही. म्हणून ताळा दोन्ही समीकरणांत घ्यायचा.

रफवही
अपूर्णांकांबद्दल. आधी ज्याचा सहगुणक १ किंवा −१ आहे असा चल शोधायचा. इथे तसा एकही नाही, पण तयार करता येतो. (१) मधून (२) वजा करा:

२क्ष − य = २, म्हणून य = २क्ष − २

हे (२) मध्ये ठेवा:
३क्ष − २(२क्ष − २) = −१
३क्ष − ४क्ष + ४ = −१
क्ष = ५, य = ८

किंमत ठेवताना कंस हवाच. कंस नसेल तर −२ × −२ चे +४ होण्याऐवजी −४ लिहिलं जातं आणि क्ष = −३ येतो.

वजाबाकी करायची नसेल तर आणखी एक वाट आहे. क्ष एकटा काढूच नका, ३क्ष = २य − १ एवढ्यावरच थांबा. (१) ला ३ ने गुणलं की १५क्ष − ९य = ३. यातल्या १५क्ष च्या जागी ५(२य − १) ठेवा. छेद येतच नाही.

कोरीपाटी
दोन्ही रीतींनी (५, ८) आलं, धन्यवाद. अजून एक शंका.

२क्ष − य = ७ … (१)
क्ष + ३य = ० … (२)

य = २क्ष − ७ घेऊन २क्ष − (२क्ष − ७) = ७ लिहिलं, तर ७ = ७ उरलं. अनंत उकली असं लिहायचं का?

लसावि
नाही. य काढला (१) मधून आणि ठेवलाही (१) मध्येच. समीकरण स्वतःशीच जुळलं, नवीन माहिती मिळाली नाही. (२) मध्ये ठेवा: क्ष + ६क्ष − २१ = ०, क्ष = ३, य = −१.

इथेच कंस विसरला असता तर −७ = ७ आलं असतं आणि ‘उकल नाही’ असा निष्कर्ष निघाला असता. एकाच उदाहरणात दोन उलट चुका! म्हणून चल नाहीसे झाले की आधी बघायचं, किंमत दुसऱ्याच समीकरणात ठेवली आहे ना.

दुसरं समीकरण ६क्ष − ३य = २१ असतं, तर ६क्ष − ३(२क्ष − ७) = २१ वरून २१ = २१. इथे अनंत उकली खऱ्या, कारण पहिलंच समीकरण ३ ने गुणलेलं आहे. उजवीकडे २० असते तर २१ = २०, म्हणजे रेषा समांतर आणि उकल नाही.

रफवही
दहावीच्या मुलांना पडताळणीसाठी क्रेमरची पद्धत कच्च्या कामात करता येते. यात समीकरणांतल्या आकड्यांवरून निश्चयक (चार आकड्यांच्या दोन तिरक्या गुणाकारांची वजाबाकी) काढून थेट उत्तर मिळतं. पहिल्या उदाहरणात:

मुख्य निश्चयक = ५(−२) − (−३)(३) = −१
क्ष साठी: १(−२) − (−३)(−१) = −५
य साठी: ५(−१) − १(३) = −८

दोन्हींना मुख्य निश्चयकाने भागलं की ५ आणि ८. मुख्य निश्चयक शून्य आला तर एकमेव उकल नाही, हे किंमत ठेवायला बसण्याआधीच कळतं.