विचित्र हिरो घेतला म्हणून लगेच शिव्या?

डोटा २ या पाच विरुद्ध पाच ऑनलाइन गेममध्ये 'विचित्र हिरो (आपण खेळवतो ते पात्र) घेणारा टीमला बुडवतो' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. २०१९ साली शांघायला डोटा २ च्या 'द इंटरनॅशनल' या जागतिक स्पर्धेत ओजी संघाच्या अ‍ॅना या खेळाडूने आयो हा हिरो चक्क कॅरी (पुढे तगडा होऊन मॅच जिंकून देणारा) म्हणून खेळवला आणि ओजीने सलग दुसऱ्यांदा स्पर्धा मारली. आयो म्हणजे दुसऱ्याला टेदर (जोडणारा दोर) बांधून हील देणारा, म्हणजे बरं करणारा उजेडाचा गोळा, पक्का सपोर्ट, म्हणजे मदतनीस. पण ड्राफ्टमध्ये (मॅचआधी हिरो निवडताना) तो उचलला की सपोर्ट येणार की कॅरी, हेच समोरच्यांना कळेना. खरी मेख तिथे होती.

ते बघून आम्ही सिडकोतली पाच पोरंही चेकाळलो. रविवारी सकाळी मिसळ हाणून बसायचं आणि मी आयो घ्यायचा. सात मॅच, सात हार. (ग्रुपवर अजून मला 'गोळा' म्हणतात.) मी टेदर बांधायचो, भिडू न सांगताच पळायचा, दोर तुटायचा आणि मी शत्रूच्या टॉवरखाली एकटाच लुकलुकत उभा!

त्यामुळे अनोळखी चौघांबरोबर रँक्ड (क्रमवारी ठरवणारी मॅच) लावलं असेल तर हे उद्योग नकोत. मित्र असतील, माइक चालू असेल, तर बिनधास्त घ्या. फक्त हिरो लॉक करायच्या आधी सांगा हो, नंतर नाही.