साडेचार महिन्यांच्या लॅबला रोज किती चालवावं?

विहंगम

लॅब्रॅडॉर मादी, वय साडेचार महिने, वजन १४.५ किलो. रेबीजसकट सगळ्या लशी झाल्या आहेत. घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरभर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स.

‘वयाच्या प्रत्येक महिन्याला ५ मिनिटं’ हा हिशोब सगळीकडे वाचायला मिळतो. त्या हिशोबाने एका फेरीला २२-२३ मिनिटं होतात. पण तेवढं चालून आल्यावरही ती अर्धा तास सोफ्याभोवती गरगर पळते, चपला पळवते, हाताला चावते. सोसायटीतले काहीजण म्हणतात लॅब आहे, स्कूटरबरोबर दोन किलोमीटर पळवा, दमून झोपेल. काहीजण म्हणतात वर्षभर खाली नेऊच नका, खुबे खराब होतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रोज नेमकं किती चालवायचं? जिन्याचं काय करायचं? आणि चेंडू फेकून खेळवलं तर चालेल का? रोज दूध-पोळी, उकडलेलं बोनलेस चिकन आणि दोन चमचे कॅल्शियमचं सिरप चालू आहे, तेही सांगून ठेवतो.

कूर्चा

आधी स्कूटर. ती निदान दीड वर्षाची होईपर्यंत पूर्ण बंद, आणि आपल्याकडच्या रहदारीत त्यानंतरही नकोच.

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथे वाढते. हा थर हाडापेक्षा तर नाजूक असतोच, सांधा धरून ठेवणाऱ्या अस्थिबंधांपेक्षाही नाजूक असतो. त्यामुळे मोठ्या कुत्र्याचा जिथे नुसता पाय मुरगळेल, तिथे पिल्लाची प्लेट सरकते किंवा चेपते. पुढच्या पायात रेडियस आणि अल्ना अशी दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. अल्नाची मनगटाजवळची प्लेट शंकूच्या आकाराची असल्यामुळे ती बाजूला सरकू शकत नाही, चेपते आणि वाढ थांबते. रेडियस मात्र वाढत राहतं, आणि दोरी ताणलेल्या धनुष्यासारखा पाय वाकत जातो. उडी मारल्याच्या दिवशी थोडं लंगडणं, मग दोन दिवसांत ठीक, आणि काही आठवड्यांनी पंजा बाहेर वळलेला दिसतो, असा हा क्रम असतो. म्हणून एवढ्या वयात जोरात पडल्यावर आलेलं लंगडणं आपोआप थांबलं तरी एक्स-रे काढावा.

या प्लेट्स छोट्या जातींत साधारण ८ ते १० महिन्यांत बंद होतात, लॅबमध्ये १२ ते १५ महिन्यांच्या आसपास, आणि ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्यांत १८ ते २४ महिन्यांपर्यंत चालतात.

आता ५ मिनिटांचा नियम. त्यामागे कुठलाही अभ्यास नाही. पट्ट्याला बांधून, माणसाच्या गतीने, कडक रस्त्यावर सलग चालवायचं असेल तर तो ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे, त्यापलीकडे त्याला फार अर्थ नाही. अभ्यास झालेत ते वेगळ्याच गोष्टी सांगतात. नॉर्वेत लॅब, न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या सुमारे ५०० पिल्लांवर जन्मापासून लक्ष ठेवलं गेलं. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत रोज जिना वापरणाऱ्या पिल्लांत हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा सैल बसून बिघडणं, जास्त आढळला, आणि ज्यांना त्याच वयात उंचसखल, मऊ जमिनीवर पट्ट्याशिवाय मोकळं फिरायला मिळालं त्यांच्यात कमी. स्वीडनमधल्या लॅब्रॅडॉरवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मालकाने फेकलेल्या चेंडू-काठीमागे धावणं हा खुब्याच्या आणि कोपराच्या दुखण्यांशी जोडलेला धोका निघाला.

म्हणजे ‘वर्षभर खाली नेऊच नका’ हा सल्ला उलटा घात करतो. खुब्याचा सांधा पक्का राहायला मांडीचे आणि पार्श्वभागाचे स्नायू लागतात, आणि ते बसून तयार होत नाहीत. मातीवर, गवतावर, स्वतःच्या मर्जीने थांबत-पळत-हुंगत फिरणारं पिल्लू दमलं की आपणहून बसतं. धोका असतो तो थांबायची मुभा नसलेल्या हालचालींत: गाडीबरोबर धावणं, ट्रेडमिल, डांबरावरचं लांब जॉगिंग, शंभर वेळा फेकलेला चेंडू. चेंडूमागे वेगाने जाऊन चारही पाय रोवून थांबताना आणि गर्रकन वळताना सगळा भार पुढच्या कोपरांवर येतो, आणि लॅब तर तोंडात चेंडू आहे तोवर दुखणं दाखवतच नाही. चेंडू हवाच असेल तर पाच-सहा वेळा, गवतावर, जमिनीलगत घरंगळत सोडा, आणि तो थांबल्यावर तिला सोडा.

पायरीपायरीने

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी जिना, फरशी आणि दिवसाची आखणी यावर लिहिते.

जिना: चढण्यापेक्षा उतरणं वाईट, कारण उतरताना शरीराचं वजन पुढच्या पायांवर आदळतं. १४-१५ किलोपर्यंत उतरताना उचलून न्या. एक हात छातीच्या पुढून, दुसरा मागच्या मांड्यांच्या मागून, पाठ आडवी राहील अशी. काखेत धरून मागचे पाय लोंबकळत ठेवू नका. चढताना आत्तापासून चालू द्या, पण पट्टा आखूड धरून, भिंतीच्या बाजूने, एकेक पायरी, आणि प्रत्येक मजल्यावर अर्धा मिनिट थांबून. उडी मारायला लागली की उभं राहायचं, शांत झाली की पुढे. १८-२० किलो झाल्यावर तुमच्यानेच उचलवणार नाही, तोवर ही सवय लागलेली असली पाहिजे. तेव्हा पाठीवर मूठ असलेलं हार्नेस घालून उतरवा, म्हणजे घसरली तर धरता येतं. फेऱ्या दिवसाला तीनच्या वर नेऊ नका. रात्रीची शेवटची शू गच्चीत उरकता आली तर उत्तम, मात्र कठड्याची उंची तपासा.

फरशी: खरं तर तुमच्या घरातला सगळ्यात मोठा व्यायामाचा धोका ही फरशी आहे. ती जी सोफ्याभोवती अर्धा तास गरगर पळते, त्यात मागचे पाय प्रत्येक वळणावर बाहेर फाकतात. सोफ्याभोवतीच्या वाटेवर आणि जेवणाच्या भांड्यापुढे रबरी मॅट किंवा मागे रबर असलेल्या पट्ट्या टाका. नुसती सतरंजी टाकली तर तीच घसरते, म्हणून तिच्याखाली जाळीची रबरी अँटी-स्लिप शीट हवी. नखं टाइल्सवर टकटक वाजायला लागली की कापायची वेळ झाली. पंजाच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला कापा. सोफ्यावर चढ-उतार बंद, किंवा पुढे एक पक्की बसकी पायरी ठेवा.

आणि ते गरगर पळणं, चावणं हे बहुतेक वेळा व्यायाम कमी पडल्याचं नसून झोप कमी पडल्याचं लक्षण असतं. या वयाच्या पिल्लाला दिवसाही भरपूर झोप लागते. घरात येणं-जाणं, टीव्ही, मुलं असली की ते झोपतच नाही आणि संध्याकाळी पिसाळल्यासारखं करतं. तेव्हा आणखी पळवलं तर आणखी चेकाळतं. शांत खोलीत किंवा पिंजऱ्यात चघळायला काहीतरी देऊन पाहा, दहा मिनिटांत डोळे मिटतात.

आखणी अशी करता येईल. सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान २५ मिनिटं, त्यात रस्त्यावरचं सलग चालणं दहाच मिनिटं, बाकी मैदानावर पाच-सात मीटर लांब दोरीवर हुंगत फिरणं. दुपारी घरातच पाच मिनिटं ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, आणि जेवणातले मूठभर दाणे जुन्या टॉवेलात गुंडाळून शोधायला. संध्याकाळी पुन्हा २०-२५ मिनिटं. आठवड्यातून तीनदा अंगणात झाडूच्या काठ्या जमिनीवर हातभर अंतराने ठेवून त्यांवरून सावकाश चालवा. काठीची उंची तिच्या मनगटाच्या खाली राहिली पाहिजे. यात मागचे पाय उचलून टाकायची सवय लागते, जी घसरण्यापासून वाचवते. दर आठवड्याला फेरीत दोन-तीन मिनिटंच वाढवा. हिशोब बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं: झोपेतून उठून पहिली दहा पावलं मोकळी पडत असतील तर ठीक. ताठरली असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. जेवणाआधी आणि नंतर एक तास पळापळ नको.

विहंगम

इतकं तपशिलात लिहिल्याबद्दल दोघांचे आभार. मॅट आजच आणतो. सिरपबद्दल कुणी बोललं नाही. हाडं मजबूत व्हावीत म्हणून दुकानदाराने दिलं होतं. आणि मे महिन्यात सकाळी सातलाही ऊन असतं, त्याचं काय?

दाणापाणी

सिरपचं लिहायलाच आलो. व्यायामाने जितकी हाडं बिघडतात त्याहून जास्त वाटीतल्या गोष्टींनी बिघडतात, म्हणून हे नीट वाचा.

साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं शोषलं जातं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जास्त कॅल्शियमने सांध्याच्या कूर्चेचं हाडात रूपांतर व्हायचं अडलं, कूर्चा जाड आणि कमकुवत राहिली. अशा कूर्चेवर उडीचा भार आला की तिचा तुकडा सुटतो, खांदा आणि कोपर दुखायला लागतात. तयार ‘लार्ज ब्रीड पपी’ खाद्य चालू असेल तर वर सिरप घालायचं काहीच कारण नाही. त्या खाद्याच्या पाकिटावर कॅल्शियम १ ते १.५ टक्के असलं म्हणजे झालं.

तुमच्याकडे मात्र उलट गडबड आहे. बोनलेस चिकन आणि पोळी दोन्हींत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. नुसतं तेवढंच दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, आणि मग साध्या उडीने हाड मोडतं. म्हणजे आज सिरप एकदम थांबवणं चूक, आणि अंदाजाने देत राहणंही चूक. सोपा मार्ग: आठ-दहा दिवसांत हळूहळू मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाद्यावर आणा आणि तसतसं सिरप कमी करत बंद करा. घरचंच द्यायचं असेल तर व्हेटकडून वजनानुसार मोजून घ्या, कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण १.१ ते १.५ ला १ असं बसलं पाहिजे.

दुसरं, वजन. गुबगुबीत लॅब पिल्लू सगळ्यांना आवडतं, सांध्यांना नाही. प्युरिनाने ४८ लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर केलेला अभ्यास आहे. एकाच विणीतल्या जोड्या, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांत हिप डिस्प्लेसिया कमी, आणि मध्यम आयुर्मान ११.२ च्या जागी १३ वर्षं. बरगड्यांवरून बोटं फिरवा. पालथ्या हाताच्या मागच्या हाडांइतक्या त्या सहज जाणवल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर खाणं दहा टक्क्यांनी कमी करा, व्यायाम वाढवून ते भरून काढू नका.

माळरान

उन्हाबद्दल. तापलेलं डांबर ५५-६० अंशांपर्यंत जातं आणि सूर्य मावळल्यावरही तासभर गरम राहतं. पालथा हात सात सेकंद ठेवता आला नाही तर पिल्लू त्यावर चालवू नका. मे महिन्यात साडेपाच-सहाला निघा, संध्याकाळी आठनंतर, आणि फेरी निम्मी करा. जीभ रुंद होऊन बाजूला लोंबली, सावलीतही धाप कमी होत नाही, पावलं अडखळली, तर लगेच अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा, आणि पाणी ओतत ओततच व्हेटकडे निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, खालची उष्णता आत कोंडते. पग किंवा शित्झू पाळणारे वाचत असतील तर त्यांनी हे दुप्पट काळजीने घ्यावं.

जातीनुसारही फरक पडतो. आमच्या लातूर-नांदेडकडच्या कारवान पिल्लांना वीस मिनिटं पट्ट्यावर चालवण्यापेक्षा कुंपणाच्या शेतात दहा मिनिटं मोकळं सोडलेलं बरं. ती दोन झपाटे मारतात आणि पडून राहतात. फक्त ढेकळांचं नांगरलेलं रान टाळायचं, पाय अडकतो. लॅबला ही थांबायची अक्कल कमी, ती माणसाच्या खुशीसाठी पळत राहते, म्हणून घड्याळ तुम्ही बघायचं.

विहंगम

शेवटचं एक. लंगडली तर किती दिवस वाट पाहायची?

कूर्चा

पडल्यानंतर पाय टेकवतच नसेल, किंवा मनगटाच्या वर सूज आणि ताप असेल, तर त्याच दिवशी दाखवा. हलकं लंगडणं असेल तर पट्ट्यावर फक्त शू-शीपुरतं बाहेर, जिना बंद, २४ ते ४८ तास. त्यात फरक पडला नाही किंवा एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं तर एक्स-रे. माणसांच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल, अजिबात देऊ नका.

जाण्याआधी मोबाइलवर दोन व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात घाबरून बहुतेक पिल्लं सरळ चालतात. एक समोरून, तुमच्याकडे चालत येताना: पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगल्या पायावर खाली येतं. दुसरा मागून, दुडक्या चालीत: दोन्ही मागचे पाय सशासारखे एकत्र उचलत असेल तर खुबे तपासायला सांगा. मोबाइल तिच्या उंचीवर धरा, वरून नको.