अनुभव धागा: चर्चच्या फाटकाबाहेर तुमची श्रद्धा कुठे कामी आली?

रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पुढचे बाक म्हाताऱ्यांनी भरतात. पोरं मागे, नाहीतर अंगणात. माझा कॉलेजातला मुलगा विचारतो, "डॅडी, मिस्सेला जाऊन नक्की होतं काय?" त्याला प्रवचन द्यायचं नाही, म्हणून तुमचे अनुभव मागतोय. कडू असतील तरी लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. १९८८च्या सुमाराला वसईच्या जमिनी बांधकामांना खुल्या होऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात पुढे होते. मी बारावीत होतो. मिस्सा सुटली की तसेच सभेला जायचो, शेजारचे हिंदू वाडीवालेही सोबत. बावखलं, म्हणजे वाडीतली गोड्या पाण्याची तळी, बुजली तर विहिरी खारट होतील, हे मी तिथे शिकलो. शेजाऱ्याचं पाणी राखणं हेही ख्रिस्ती माणसाचं काम आहे, हे तेव्हा पटलं ते आजपर्यंत.

कोर्लई
दादा, आम्ही रायगडात मुरुडजवळचे. घरात आमची पोर्तुगीज वळणाची 'नौ लिंग' बोलतो, प्रार्थना मराठीत करतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. आमचे पत्रे गेले, नारळी आडव्या झाल्या, कितीतरी दिवस वीज नाही. वर कोरोना. आम्ही सात-आठ बायकांनी एकत्र चूल मांडली. तांदूळ ज्याच्याकडे सुका राहिला त्याने दिला. कोळीवाड्यात डबे पोचवून आल्यावर संध्याकाळी अंधारातच रोजरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली. तशी रोजरी मी परत कधी म्हटली नाही.

सिंधुदुर्ग
माझा अनुभव कडू आहे. थोरली बहीण नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आली. एका धर्मगुरूंनी तिला सांगितलं, क्रूस समजून सोस. दोन वर्षं मी चर्चची पायरी चढले नाही. मग एक म्हाताऱ्या सिस्टर आपणहून घरी आल्या. ताईबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या, तक्रार लिहून होईपर्यंत चार तास बाकावर बसल्या. बायबलचं नावसुद्धा काढलं नाही. आता ताई स्वतः अशा बायकांबरोबर जाते. मीही मिस्सेला जाते, पण त्या धर्मगुरूंचं बोलणं चुकीचंच होतं. हे चर्चमध्येच, वेदीसमोर, मोठ्याने कबूल व्हायला हवं.

रत्नागिरी
आम्ही प्रोटेस्टंट, मंडळी लहान. दर गुरुवारी सिव्हिलमध्ये एकट्या पेशंटांजवळ बसतो. बाकी काही नाही.

वसई, पुन्हा मीच
सिंधुदुर्गच्या ताई, लिहिलंत म्हणून तुमचे आभार. मुलाला सगळं वाचायला दिलं. तो फक्त एवढंच म्हणाला, "कोर्लईच्या मावशींचे पत्रे कोणी बसवले, विचारा."

कोर्लई
मुरुडच्या एका मुसलमान फॅब्रिकेटरने, बाळा. मजुरी घेतली नाही. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा त्याच्या शेडवर पडलेलं झाड तोडायला आमची पोरं गेली. रविवार नव्हता, पण फादर पण होते, कोयता घेऊन.