जामीन मंजूर, पण सुटका नाही

'जामीन मंजूर झाला की माणूस सुटतो, त्यात राज्य सरकार काय करणार?' असं या चर्चेत एका भाऊंनी विचारलंय. आमच्या वस्तीतला एक वेल्डर जामीन मंजूर होऊनही सतरा दिवस आतच होता. पंधरा हजारांचा जामीनदार, म्हणजे तेवढ्या रकमेची कागदपत्रांसह हमी घेणारा माणूस, हवा होता. आईकडे ना सातबारा, ना घरटॅक्सची पावती. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड घेऊन ती रोज नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात यायची, वकील दिसला की उठून उभी राहायची. मी दोनदा सोबत होतो. फार वाईट वाटलं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ४७९ चांगलं आहे. खटला संपायच्या आधीच आत असलेल्याचा पहिलाच गुन्हा असेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटका, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. पण जामीनदाराविना अडकलेल्यांचं काय?

फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदा करू शकतात; राज्याचं विधिमंडळ दुरुस्ती करू शकतं. केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागेल, एवढंच. सात दिवसांत जामीनदार मिळाला नाही, तर जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना स्वतःच्याच हमीवर, सोडा, ही माझी मागणी. हिवाळी अधिवेशन इथंच भरतं. त्याआधी आपापल्या आमदाराला लेखी निवेदन देऊ या. मसुदा मी लिहायला घेतलाय.